तोंडओळखीचे शब्द

आजच्या समारंभाचे अध्यक्ष, म्हणजेच आमच्या संस्थेचे कार्यवाह महोदय, व्यासपीठावर खांद्याला खांदा लावून बसूनही इतका वेळ एकमेकांशी न बोलण्याचा शिष्टाचार पाळणारे सन्माननीय पाहुणे, पालक मंडळी, आजी-माजी सहकारी, मागे खिडकीच्या कट्ट्यावर बसलेले आमचे माजी विद्यार्थी, ज्यांची नाकं आम्ही पुसली आणि जे आज चारचौघांत आम्हाला ओळख दाखवताहेत, आणि ज्यांना निवृत्तीचा निरोप द्यायला आपण सारे इथे जमलो आहोत त्या आमच्या मोठ्या गटाच्या बाई, तुम्हां सर्वांना माझा मनापासून नमस्कार.

माझ्याआधीच्या वक्त्यांनी बाईंची शिस्त, त्यांचा गोड आवाज, त्यांचा शांत स्वभाव यांविषयी इतकं सुंदर सांगितलं, की मला मध्येच शंका आली, या नक्की माझ्या वहिनीच ना? ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगते. शाळेत ज्या माझ्या शेजारच्या वर्गाच्या बाई, त्याच घरी माझ्या थोरल्या भावाची बायको. मी लहान गट सांभाळते, त्या मोठा गट. आमच्या दोन वर्गांच्या मध्ये एक सरकती लाकडी भिंत आहे. नणंद-भावजयीच्या मध्ये भिंत असावी, पण ती सरकती असावी, असं माझं अनुभवाचं मत आहे.

गुण सांगून झाले आहेत, तेव्हा मी एक हकीकत सांगते. ती मी सांगू नये असं वहिनींचं म्हणणं होतं. "माझं दुखणं सभागृहात कशाला?" असं त्या आज सकाळीच म्हणाल्या. मी म्हटलं, "वहिनी, दुखण्याचं नाही, मी तुमच्या हट्टाचं सांगणार आहे." त्यावर त्या म्हणाल्या, "मग वेळ पुरायचा नाही."

बालवर्गात तुम्ही नेमकं शिकवता तरी काय, असा प्रश्न आम्हाला नेहमी विचारला जातो. गाणी, खेळ आणि कुठली चप्पल कुठल्या पायात, हे तर झालंच. पण मोठ्या गटात मूल वाचनाच्या उंबरठ्यावर येतं. अक्षराला अक्षर जोडून वाचणं हळूहळू जमतं. मात्र काही शब्द वाक्यात इतक्यांदा येतात, की दर वेळी त्यांची अक्षरं जोडत बसलं तर गोष्ट राहते बाजूला आणि मूल जातं दमून. मी, आहे, आणि, पण, नाही, कुठे, मला. हे शब्द बघताक्षणी यायला हवेत. शेजारच्या काकू जिन्यात भेटल्या, तर आपण "हे नाक, हे डोळे, हे कपाळ, अरेच्चा, म्हणजे या काकू" असं करतो का? बघितलं की ओळखतो, आणि जमलं तर जिना बदलतो. बाईंनी अशा शब्दांना नाव दिलं होतं, 'तोंडओळखीचे शब्द'. या शब्दांशी एकदा तोंडओळख झाली, की बाकीच्या वाक्याशी मूल आपलं आपण भांडतं.

आणि ते शिकवण्यात वहिनींचा हात कुणी धरणारं नव्हतं. शब्दपट्ट्यांचा गठ्ठा घेऊन त्या पत्ते पिसणाऱ्याच्या सफाईनं एकेक पट्टी वर करायच्या आणि वर्ग एका सुरात ओरडायचा. सरकत्या भिंतीच्या अलीकडे माझ्या लहान गटाला ते शब्द न पाहताच पाठ व्हायचे.

आठ-नऊ वर्षांपूर्वीची एक सकाळ. भिंतीपलीकडून "मी!" आलं, "आणि!" आलं, आणि मग एकदम शांतता. मोठ्या गटात शांतता म्हणजे काहीतरी सांडलेलं असतं किंवा आता सांडणार असतं. मी कान देऊन ऐकत होते. मग मुलं हसायला लागली. मग भिंत सरकली आणि वहिनी हातात एक पट्टी धरून उभ्या.

"अगं," त्या म्हणाल्या, "ही कुठल्या लिपीतली पट्टी आपल्या गठ्ठ्यात आली?"

पट्टीवर लिहिलं होतं, 'आई'.

मला वाटलं, गंमत करताहेत. मीही म्हटलं, "असेल कुठली तरी परदेशातली." त्या हसल्या नाहीत. त्यांनी पट्टी उलटी करून पाहिली, पुन्हा सुलटी केली. "मुलं हसताहेत, म्हणजे त्यांना येतंय. मलाच येत नाहीये." मग त्यांनी माझ्या फळ्याकडे पाहिलं, दारावरच्या पाटीकडे पाहिलं, भिंतीवर लावलेल्या मुलांच्या नावांकडे पाहिलं. "काहीच येत नाहीये गं," त्या अगदी हळू आवाजात म्हणाल्या. आणि वळताना त्यांचा उजवा खांदा धाडकन दाराच्या चौकटीवर आपटला. चौकट त्यांना दिसलीच नव्हती.

रुग्णालयात कळलं, की मेंदूच्या मागच्या भागात रक्ताची गुठळी अडकली होती. जीव वाचला, बोलणं शाबूत राहिलं, हातपाय शाबूत राहिले. वहिनींनी परिचारिकेला चादर नीट घालायला लावली तेव्हा मी ओळखलं, की स्वभावही शाबूत आहे. दोन्ही डोळ्यांची उजवीकडची अर्धी नजर मात्र गेली. आणि गेलं ते वाचन.

डॉक्टरांनी कागद-पेन पुढे केलं. "काहीही लिहा," म्हणाले. वहिनींनी त्यांच्या त्या वळणदार अक्षरात लिहिलं, 'मला घरी जायचं आहे.' डॉक्टर म्हणाले, "छान. आता हे वाचून दाखवा." वहिनींनी कागदाकडे पाहिलं. स्वतःच्या हातानं, आत्ता, सगळ्यांच्या देखत लिहिलेलं वाक्य. आणि त्यांनी डॉक्टरांना विचारलं, "कुणी लिहिलंय हे?"

माझा दादा पलंगाच्या दांडीला धरून उभा होता. त्याला मी बाजूच्या खुर्चीवर बसवलं.

डॉक्टरांनी समजावून सांगितलं, की डोळे काम करताहेत आणि भाषाही जागच्या जागी आहे. पण डोळ्यांकडून भाषेकडे जाणारा जो रस्ता होता, तो खचलाय. लिहिण्याचा रस्ता वेगळा, तो वाचला. म्हणून यांना लिहिता येईल, पण लिहिलेलं वाचता येणार नाही. मी विचारलं, "कधीपर्यंत?" ते म्हणाले, "थोडं सुधारेल. पूर्वीसारखं होईल असं मी सांगणार नाही."

आता, माझा दादा चष्म्याच्या दुकानात नजर तपासायचं काम करतो, हे तुमच्यापैकी अनेकांच्या नाकावर लिहिलेलं आहे. गेली कित्येक वर्षं या भागातलं ज्याला ज्याला दिसत नव्हतं, त्याला त्यानं दिसायला लावलं. आणि त्याच्या घरात बायकोला अक्षर लागत नाही, आणि डॉक्टर म्हणतात, चष्म्याचा उपयोग नाही! त्याला ते पटेना. घरी सोडल्यावर दुकानाच्या सुटीच्या दिवशी तो वहिनींना घेऊन गेला. सोबतीला मी. त्यानं वहिनींना उंच खुर्चीवर बसवलं, तपासणीची ती जड चौकट नाकावर चढवली आणि भिंतीवरच्या अक्षरांच्या तक्त्यावर दिवा लावला.

"वरचं सगळ्यात मोठं अक्षर?"

"दिसतंय," वहिनी म्हणाल्या. "वाचता येत नाही."

त्यानं भिंग बदललं. "आता?"

"आणखी स्पष्ट दिसतंय. वाचता येत नाही."

तो भिंगं बदलत राहिला. भिंगांची अख्खी पेटी त्यानं टेबलावर ओतली. शेवटी आवाज चढवून म्हणाला, "अगं, एवढं हाताएवढं अक्षर आहे समोर! नीट बघ की!" बायकोवर कधी ओरडला नव्हता तो. ओरडला आणि स्वतःच घाबरला.

वहिनींनी चौकट काढून त्याच्या हातात दिली. "अहो, ओरडू नका. भिंगातून नाही जायचं हे," असं म्हणून त्या तक्त्यावरच्या अक्षराकडे बघत राहिल्या. बघता बघता त्यांचं बोट वर आलं. समोरच्या अक्षराच्या कडेवरून, लांबून, हवेत फिरायला लागलं. आधी एक बाक, मग खाली, मग शेजारी एक उभी रेघ. बोट थांबलं.

"'ग'," त्या म्हणाल्या. "'ग' आहे ना हो?"

दादानं तक्त्याकडे पाहिलंसुद्धा नाही. तो फक्त होकारार्थी मान हलवत राहिला.

डोळ्यांचा रस्ता खचला होता, पण हाताला अक्षर आठवत होतं. त्या दिवसापासून वहिनी जे दिसेल ते बोटानं गिरवायला लागल्या. औषधाची बाटली, रस्त्यावरची पाटी, वर्तमानपत्राचं नाव. फक्त एक अडचण होती. अक्षर लागायचं, पण शब्दाच्या शेवटी पोचेपर्यंत सुरुवात निसटायची. एका वाक्यातच त्यांना घाम फुटायचा. एक दिवस त्यांनी वर्तमानपत्र घडी करून ठेवलं आणि मला म्हणाल्या, "असं अक्षर-अक्षर करत बसले तर एक बातमी वाचेपर्यंत म्हातारी होईन. मला शब्द हवेत. अख्खे. बघितला की आला, असे."

"म्हणजे तोंडओळखीचे?" मी विचारलं.

"तेच. आणि ते शिकवणारा एकच वर्ग मला माहीत आहे," त्या म्हणाल्या. "तो माझा आहे. सोमवारी येते."

तुम्ही म्हणाल, त्या विश्रांतीच्या रजेवर होत्या ना? होत्या. रजा संपायला अवकाश होता ना? होता. सोमवारी त्या आल्या.

त्या आजारी असेपर्यंत सरकती भिंत उघडी ठेवून दोन्ही गट मीच सांभाळत होते. वहिनी आत आल्या, त्यांनी आपली खुर्ची उचलली आणि वर्गाच्या उजव्या कोपऱ्यात भिंतीला चिकटवून ठेवली, म्हणजे सगळी मुलं त्यांच्या डाव्या हाताला, दिसणाऱ्या बाजूला आली. मग मुलांना म्हणाल्या, "मी आजारी होते. आणि आजारपणात माझे वाचायचे शब्द हरवले."

"कुठे पडले?" एकानं विचारलं.

"तेच कळत नाहीये."

"माझ्या दप्तरात नाहीत," एक मुलगी घाईघाईनं म्हणाली. दप्तर तपासलं जाईल अशी तिला भीती वाटली असावी. त्यात दुसरंच काहीतरी असणार.

"मग मला परत शिकावे लागतील," वहिनी म्हणाल्या. "तुमच्याबरोबर. चालेल?"

मुलांनी विचार केला. पहिल्या रांगेतला एक जण गंभीरपणे म्हणाला, "पण मग तुम्हाला खाली बसावं लागेल."

त्या खाली बसल्या. मी पट्ट्या धरायला लागले, आणि मोठ्या गटाच्या बाई मोठ्या गटात शिकायला लागल्या.

सभागृहातल्या मोठ्या माणसांनो, एक सांगू? आपण दया करतो. मुलं दया करत नाहीत. त्यांना केवढा आनंद झाला म्हणून सांगू! बाई चुकल्या की वर्ग उसळायचा. बाईंना आला की वर्ग टाळ्या वाजवायचा. एकदा वहिनी 'आणि' या शब्दापाशी अडल्या, तर शेजारची चिमुरडी कमरेवर हात ठेवून म्हणाली, "बाई, काल तर आला होता तुम्हाला!" हे वाक्य तिनं कुठून उचललं, ते आम्हा दोघींनाही पक्कं माहीत होतं. त्या दुपारी वहिनींनी डबा उघडला आणि तसाच बाजूला ठेवला. मग म्हणाल्या, "काल येतो आणि आज येत नाही, असं खरंच होतं गं. आळस नसतो तो. या वर्गात ते वाक्य आजपासून बंद." आमच्या शाळेत ते आजही बंद आहे.

पण शाळा म्हणजे काही फक्त मुलं नव्हेत. बातमी घरोघरी गेली, आणि पालकसभा बोलावली गेली. अध्यक्ष महोदय, इथून पुढच्या भागात आपण आहात. आपण रागावणार नाही याची मला खात्री आहे, कारण निघायची वाट माझ्या बाजूला आहे.

कार्यवाह साहेबांनी सभेत अतिशय सौम्य शब्दांत सुचवलं, की बाईंच्या प्रकृतीचा विचार करून त्यांच्याकडे साहित्याच्या खोलीचं काम द्यावं. खेळणी, खडू, चटया. पगार तोच, मान तोच. सूचना मनापासूनची होती. काही पालकांनी माना डोलावल्या. तेवढ्यात एक आई उभी राहिली. रुग्णालयातल्या परिचारिका होत्या त्या, रात्रपाळी करून थेट आलेल्या. त्यांच्या मुलीला आम्ही 'भिंगरी' म्हणायचो. जागेवर बसणं हा प्रकार तिच्या शरीराला माहीत नव्हता. वर्गातल्या सगळ्यांना काही ना काही शब्द यायला लागले होते. भिंगरीला एकही येत नव्हता. शिवाय बाईंना उजवीकडचं दिसत नाही हा शोध वर्गात सगळ्यांत आधी तिनंच लावला होता, आणि त्या बाजूनं रांगत ती रोज व्हरांड्यात पसार व्हायची.

तिची आई म्हणाली, "मला बाईंबद्दल वाईट वाटतं. मी असे रुग्ण रोज बघते. पण माझी मुलगी आधीच मागे आहे. तिला वाचायला शिकवणारी बाई हवी. वाचायला शिकणारी नको."

 माझ्या तोंडाशी दहा उत्तरं आली होती, आणि सगळी नणंदेला शोभणारी होती. पण वहिनी उठल्या आणि म्हणाल्या, "तुमचं बरोबर आहे."

मी मागून त्यांचा पदर ओढला.

"अगदी बरोबर आहे," त्या म्हणाल्या. "मी तुमच्या जागी असते तर हेच म्हणाले असते. म्हणून एक करा. हे सत्र संपेपर्यंत मला वर्गात ठेवा. तोवर तुमच्या मुलीची या शब्दांशी तोंडओळख झाली नाही, तर मला कुणी सांगायला नको. साहित्याच्या खोलीची किल्ली मी स्वतः मागून घेईन."

भिंगरीची आई म्हणाली, "माझ्याच मुलीवर पैज?"

"पैज नाही. तिला आणि मला एकच गोष्ट येत नाहीये. दुसऱ्या कुणाहीपेक्षा तिचं काय अडतंय ते मला जास्त कळेल, असं वाटतं."

बाहेर आल्यावर मी चिडले. "वहिनी, निवडायचीच होती तर दुसरी कुणी निवडायची! ही एका जागी टेकत नाही!" वहिनी पायरी चाचपत उतरत होत्या. म्हणाल्या, "मी निवडलं नाही. तिच्या आईनं निवडलं. आता हात दे, उजवीकडचं दिसत नाही मला."

दुसऱ्या दिवशी भिंगरी रांगत दारापर्यंत गेली, तर दाराबाहेर व्हरांड्यात वहिनी आधीच बसलेल्या. हातात खडू. फरशीवर त्यांनी एक शब्द काढला होता, सतरंजीएवढा मोठा. 'मी'. भिंगरी त्याच्यावरून पळत गेली. वहिनी म्हणाल्या, "अशी नाही. रेघ सोडायची नाही. इथून सुरू, इकडून वळायचं, इथे उडी, मग वर." भिंगरी रेघेवरून चालली. पुन्हा चालली. मग धावली. धावताना वहिनी मोठ्यानं म्हणायच्या, "मी!" आणि ती म्हणायची, "मी!"

वहिनी बोटानं गिरवायच्या, भिंगरी पायानं. जे हवेत जमलं ते फरशीवर का जमू नये, एवढाच वहिनींचा हिशेब. शब्द आधी सतरंजीएवढा, मग पाटाएवढा, मग हाताच्या पंजाएवढा, मग पट्टीवर. दादानं दुकानातून आल्यावर खरखरीत पॉलिश पेपरचे शब्द कापून पुठ्ठ्यावर चिकटवायला सुरुवात केली, म्हणजे डोळे मिटूनही बोटाला शब्द लागावा. ज्या माणसानं जन्मभर काचा गुळगुळीत केल्या, तो आता बायकोसाठी शब्द खरखरीत करत बसला होता. वर मला विचारायचा, "या 'ठे'चं पोट बरोबर आलंय का बघ गं. तिला अडायला नको."

हे सगळं ऐकायला छान वाटतं. करताना तसं नव्हतं. भिंगरीला आलेला शब्द दुसऱ्या दिवशी गेलेला असायचा. वहिनींचंही तसंच. सत्राच्या मध्ये आलेल्या काही दिवसांच्या सुटीनंतर शाळा उघडली तेव्हा भिंगरीकडे एकही शब्द उरला नव्हता. पाटी कोरी. वहिनींना स्वतःला ताप येऊन गेला होता आणि त्यांचेही अर्धे शब्द पुसले होते. त्या दिवशी मी म्हटलं, "वहिनी, पुरे. साहित्याची खोली काही वाईट नाही. उजेड बरा आहे." त्यांनी खडूची पेटी माझ्या हातात दिली. "तू काढ आज," म्हणाल्या. "'मी'पासून. मला आज चालायचंय." मी काढला. दोघी पुन्हा पहिल्यापासून चालायला लागल्या, एक पुढे, एक मागे, व्हरांड्यातून.

सत्र संपायच्या सुमारास कार्यवाह साहेब वर्गात आले. सोबत भिंगरीची आई. साहेब मुलांच्या त्या बुटक्या खुर्चीवर बसले. अध्यक्ष महोदय, ती खुर्ची आम्ही अजून जपून ठेवली आहे. तिचा एक पाय त्या दिवसापासून वाकडा आहे. भिंगरीला पट्ट्या वाचायला पुढे बोलावलं, तर ती सरळ टेबलाखाली शिरली. आईनं हाक मारली, मी हाक मारली. बाहेर येईना.

वहिनींनी तिला बोलावलंच नाही. "राहू दे," म्हणाल्या. "आधी मी वाचते. कुणीतरी पट्ट्या धरा." आणि स्वतःची परीक्षा स्वतःच सुरू केली, संस्थेच्या कार्यवाहांसमोर! 'आहे' आला. 'पण' आला. 'मला' आला. मग एका पट्टीपाशी त्या थांबल्या. "कु..." म्हणाल्या. शब्दाची उजवी बाजू त्यांच्या नजरेतून निसटत होती. "कुणी... कुठे..." बोट हवेत फिरलं, थांबलं, पुन्हा फिरलं. लागेना. मुलं गुडघ्यांवर उभी राहिली. साहेबांनी चष्मा काढून पुसायला घेतला. मला वाटलं, संपलं.

तेवढ्यात टेबलाखालून आवाज आला, "बाई, बोटानं नाही! पायानं करा!"

आणि भिंगरी बाहेर आली. तिनं पट्टी हिसकावून घेतली, एकदा पाहिली आणि वैतागून म्हणाली, "'कुणी'ला शेवटी काठी असते. याला कुठंय काठी? याचं पोट गोल आहे. 'कुठे' आहे हा! चला." वहिनींचा हात धरून ती फरशीवर तो शब्द चालायला लागली आणि वहिनी तिच्या मागून पावलं टाकत गेल्या, तिच्या वळणावर वळत. शेवटच्या मात्रेला भिंगरीनं उडी मारली. वहिनींनी पण मारली. तेव्हा त्यांचं वय पन्नाशीच्या घरात होतं, हे मी त्यांची परवानगी न घेता सांगते.

साहेब म्हणाले, "एक शब्द आला खरा." अध्यक्ष महोदय, आपण कडक होतात. भिंगरीनं त्यांच्याकडे पाहिलं, खाली बसली, आपल्या आयुष्यात पहिल्यांदा मांडी घालून, आणि गठ्ठ्यातल्या उरलेल्या पट्ट्या एकेक करून वाचायला लागली. काही चुकल्या. चुकल्या तिथे उठून चालून आली आणि दुरुस्त केल्या. शेवटी गठ्ठा साहेबांच्या मांडीवर ठेवून म्हणाली, "आता तुम्ही."

तिची आई दाराशी उभी होती. ती वहिनींपाशी आली. मला वाटलं, माफी मागेल, आभार मानेल. तिनं वहिनींचं मनगट धरलं आणि नाडी मोजली. "खूप जोरात चाललीये," म्हणाली. "बसा आधी. गोळ्या वेळेवर घेता का?" आणि मग, मनगट सोडताना, "पुढच्या वर्षी माझा धाकटा येईल. तुमच्याच वर्गात घाला." त्यानंतर वहिनींचा रक्तदाब तपासल्याशिवाय ती कधी शाळेच्या दारातून परत गेली नाही.

मंडळी, मला इथे असं म्हणता आलं असतं, की मग वहिनींचं वाचन परत आलं. तसं झालं नाही. डॉक्टर खरं बोलले होते. आजही पुस्तकाचं एक पान म्हणजे त्यांना चढण वाटते. आजच्या कार्यक्रमाची पत्रिका त्यांनी दादाकडून वाचून घेतली. पण तोंडओळखीचे शब्द त्यांनी परत मिळवले, एकेक करून, त्यानंतरच्या प्रत्येक वर्गाबरोबर. आणि त्यांच्या वर्गातलं एकही मूल वाचनाच्या उंबरठ्यावर अडकून राहिलं नाही. राहणार कसं? बाई आधी स्वतः त्याच्या शेजारी जाऊन अडकायच्या, आणि मग दोघं मिळून सुटायचे. व्हरांड्याची फरशी आता सगळेच वर्ग वापरतात. शिपाईकाका खडू पुसून पुसून वैतागले आहेत. त्यांच्या वतीनंही मी इथे नम्र तक्रार नोंदवते.

आता शेवटचं. माझ्याआधीच्या एका वक्त्यांनी बाईंना विश्रांतीच्या शुभेच्छा दिल्या. त्यांची भावना मी समजू शकते, पण त्यांना बातमी कळलेली दिसत नाही.

भिंगरीच्या आईच्या रुग्णालयात सध्या एक बसचालक आहेत. जन्मभर बस चालवली. वहिनींना झालं तसंच त्यांना झालं. बोलता येतं, वाचता येत नाही. वहिनी त्यांना भेटायला गेल्या, पिशवीत शब्दपट्ट्या घेऊन. ते म्हणाले, "पोराटोरांच्या पट्ट्या माझ्यासमोर धरू नका बाई. मी हजार माणसं रोज घरी पोचवलीत." आणि भिंतीकडे तोंड करून झोपले.

घरी आल्यावर मी म्हटलं, "झालं. नाही म्हणाले ना ते."

"बरोबर आहे त्यांचं," वहिनी म्हणाल्या. हे वाक्य त्यांच्या तोंडून आलं, की समोरच्यानं सावध व्हावं. दुसऱ्या दिवशी त्या बसडेपोत गेल्या आणि तिथल्या अडगळीतून जुन्या पत्र्याच्या पाट्या मागून आणल्या. गाडीच्या कपाळावर लावतात त्या, जाड रंगानं लिहिलेल्या, बोट फिरवलं तर अक्षराची कड लागावी अशा. त्या घेऊन परत रुग्णालयात. चालक भिंतीकडेच तोंड करून. वहिनींनी एक पाटी त्यांच्या पांघरुणावर ठेवली आणि त्या शेजारी बसून राहिल्या. बराच वेळ गेला. मग त्या गृहस्थांनी न वळता हात मागे आणला आणि पाटीवर बोट ठेवलं.

मी विचारलं, "वाचली का?"

"छे."

"मग बोट कशाला ठेवलं?"

"ढकलून द्यायला असेल," वहिनी म्हणाल्या. "पण ठेवलं ना?"

उद्या सकाळी त्या पुन्हा जाणार आहेत. चालकांनी अजून होकार दिलेला नाही, पण त्यांना विचारलंय कुणी!

अध्यक्ष महोदय, आपण इतका वेळ घड्याळाकडे न पाहिल्याबद्दल आपले, ही सभा घडवून आणणाऱ्या संस्थेचे, माझ्या बोलण्यात न हसण्याच्या जागीही हसलेल्या श्रोत्यांचे आणि दाराशी चहा गार होत असतानाही थांबलेल्या मंडळींचे मी ऋण मानते. बोलण्याच्या भरात कुणाचा मान ठेवायचा राहिला असेल, कुणाचं वय उघड झालं असेल, कुणाच्या खुर्चीचा उल्लेख झाला असेल, तर ते माझ्या जिभेचं चुकलं असं समजून पोटात घाला. आणि वहिनी, तुम्ही नको म्हणत असतानाही हे सगळं सांगितलं, त्याबद्दल घरी गेल्यावर जे बोलायचं ते बोला. मी ऐकून घेईन. सकाळी मात्र लवकर आटपा. त्या पाट्या जड आहेत, आणि उजव्या हाताला मी चालणार आहे.

नमस्कार.